सेंद्रिय अवशेषांची ऊर्जा आणि तिची परिभाषा : भोर-वेल्हे परिसरातील लघुव्यवसायांच्या संदर्भात

१. विषयाचे स्वरूप

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके आहेत. भोर हे १९४८ सालच्या विलीनीकरणापर्यंत एका संस्थानाच्या राजधानीचे गाव होते. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय शासनाने घेतला आहे. तथापि प्रस्तुत लेखात वाचकांच्या परिचयाचे जुने नावच योजिले आहे. भाताची खाचरे, दुभती जनावरे, कुक्कुटपालनाच्या शेडी, भातगिरण्या, पुणे-सातारा महामार्गावरील नसरापूर-कापूरहोळ पट्ट्यातील खानावळी आणि पानशेत-वरसगावच्या जलाशयांकाठची पर्यटकांची निवासस्थाने, असा येथील लहान व्यवसायांचा स्थूल पसारा आहे. ह्यांपैकी प्रत्येक व्यवसायात रोज काही ना काही सेंद्रिय द्रव्य उरते. ह्या उरलेल्या द्रव्यापासून इंधन व ऊर्जा निर्माण करावी, असे सांगणाऱ्या योजना व पुस्तिका आज पुष्कळ आहेत.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, वायुसंयंत्र चालणे वा बंद पडणे हे पुष्कळदा त्यात काय घातले जाते ह्यावर अवलंबून असते. आणि काय घालावे हे चालकास शब्दांनीच सांगितले जाते. ‘सेंद्रिय कचरा घालावा’ एवढेच पुस्तिकेत लिहिले असेल, तर भातगिरणीवाला तूस घालील, खानावळवाला खरकटे घालील आणि कुक्कुटपालक कोंबडखत घालील. तिघांनीही सूचना तंतोतंत पाळलेली असेल. परंतु तिघांना मिळणारे फळ मात्र सर्वस्वी भिन्न असेल. ज्याने कर्ज काढून संयंत्र बांधले त्याच्या दृष्टीने हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही. म्हणून ह्या तंत्राची मूलतत्त्वे, त्याचा हिशेब आणि त्याची परिभाषा ह्यांचा एकत्र विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२. वायूची उत्पत्ती

हवा पोचणार नाही अशा बंद टाकीत सेंद्रिय द्रव्य व पाणी एकत्र ठेवले असता सूक्ष्मजीव ते द्रव्य टप्प्याटप्प्याने विघटित करतात. पहिल्या टप्प्यात पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ ह्यांचे मोठे रेणू फुटून साधे होतात. दुसऱ्या टप्प्यात त्या साध्या द्रव्यांपासून निरनिराळी सेंद्रिय आम्ले बनतात. त्यानंतर ह्या आम्लांचे मुख्यतः ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन व कार्बन डायॉक्साइड ह्यांत रूपांतर होते आणि अखेरीस मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यांपासून मिथेन तयार करतात. निघणाऱ्या वायूत सामान्यतः ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. उरलेला भाग बहुतांशी कार्बन डायॉक्साइडचा असून हायड्रोजन सल्फाइड अल्प प्रमाणात असतो. हा शेवटचा घटक दुर्गंधी असून लोखंडास गंज चढवतो, म्हणून वायू लोखंडाच्या किसातून जाऊ देण्याची रीत आहे.

ह्या साखळीतील सर्वांत नाजूक कडी शेवटची आहे. आम्ल बनवणारे सूक्ष्मजीव झपाट्याने वाढतात, तर मिथेनजनक सावकाश. एकदम पुष्कळ पिष्टमय अन्न टाकीत पडले की आम्ल साचते, सामू खाली येतो आणि मिथेनजनक निष्क्रिय होतात. सामू ६·८ ते ७·४ च्या दरम्यान आणि तापमान ३० ते ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असणे त्यांस मानवते. वेल्ह्याच्या पश्चिमेकडील घाटमाथ्यावरील मुसळधार पाऊस आणि हिवाळ्यातील थंड रात्री लक्षात घेतल्या, म्हणजे टाकीत पावसाचे पाणी शिरू न देणे व तिला ऊब राखणे येथे विशेष महत्त्वाचे का आहे हे सहज कळते.

ह्या क्रियेस मराठीत दोन नावे दिली जातात. एक ‘किण्वन’ आणि दुसरे ‘पचन’. पहिला शब्द पारिभाषिक आहे. परंतु सामान्य चालक त्याचा अर्थ ‘आंबणे’ असा लावतो, आणि हे स्वाभाविकच आहे. खानावळवाल्याच्या अनुभवात पीठ आंबणे हे यशाचे चिन्ह असते; संयंत्रात मात्र द्रव्य आंबट होऊन राहणे हे बिघाडाचे लक्षण आहे. ह्याउलट ‘पचन’ हा शब्द योग्य त्या सर्व कल्पना आपल्याबरोबर घेऊन येतो. पोटास जसे थोडे व नियमित अन्न मानवते, अति झाल्यास अजीर्ण होते आणि उपासानंतर हळूहळू आहार वाढवावा लागतो, तसेच टाकीचे आहे. टाकीस अजीर्ण झाले की दोन-चार दिवस खाद्य थांबवावे आणि मग थोडे थोडे सुरू करावे, हे तंत्रज्ञाचे सांगणे ह्या शब्दाच्या आधाराने निरक्षर माणसासही पटते. म्हणून प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत ‘विनॉक्सी पचन’ ही संज्ञा स्वीकारावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

३. ‘गोबर गॅस’ ह्या नावाचा प्रभाव

हे तंत्र भारतात नवे नाही. १८९७ साली मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून वायू मिळवण्यात आला होता. पुढे १९५० नंतरच्या दशकात जशभाई पटेल ह्यांनी तरंगत्या टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र सिद्ध केले आणि १९६० नंतर खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्या धर्तीच्या संयंत्रांचा देशभर प्रसार केला. १९८४ साली ‘दीनबंधू’ हे स्थिर घुमटाचे, कमी खर्चाचे संयंत्र पुढे आले.

प्रसाराच्या काळात ह्या संयंत्रास ‘गोबर गॅस’ हे नाव पडले. शेणाला मराठीत ‘शेण’ हा शब्द असता हिंदीतील ‘गोबर’ जसाच्या तसा आला, कारण योजनाच त्या नावाने आली. येथे भाषिक दृष्ट्या लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नावातच कच्चा माल निश्चित झाला. माटुंग्याच्या आश्रमात शेणाचा संबंध नव्हता, तरीही पुढच्या पिढ्यांच्या मनात ‘शेण नाही तर वायू नाही’ असे समीकरण दृढ झाले. ज्याच्या गोठ्यात चार-पाच जनावरे आहेत त्यानेच ह्या वाटेस जावे, असा समज त्यातून रूढ झाला. कारण २ घनमीटर वायूसाठी रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. खानावळवाला ह्या योजनेच्या कक्षेबाहेर राहिला तो काही अंशी ह्या नावामुळेच, असे म्हणावयास हरकत नाही.

हे समीकरण मोडण्याचे महत्त्वाचे कार्य पुण्यातच झाले. डॉ. आनंद कर्वे ह्यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ ह्या समुचित तंत्रज्ञानाच्या संस्थेने प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्यांपासून घरगुती संयंत्र तयार केले आणि त्यात शेणाऐवजी पिष्टमय व शर्करायुक्त उरलेसुरले अन्न घालण्याची पद्धत रूढ केली. कर्वे ह्यांचा युक्तिवाद सरळ आहे. शेण म्हणजे जनावराने पोषणांश काढून घेतल्यावर मागे राहिलेला भाग. सूक्ष्मजीवांसही तेच पोषण हवे असते. मग त्यांस उरलेला भाग देण्याऐवजी अन्नच का देऊ नये? शेण आरंभी विरजणापुरते पुरेसे आहे. ह्या कार्यास २००६ साली ॲशडेन पारितोषिक मिळाले. ह्याच सुमारास भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे ह्यांच्या ‘निसर्गऋण’ संयंत्राने मोठ्या स्वयंपाकघरांच्या अवशेषांसाठी दोन टाक्यांची पद्धत पुढे आणली. ‘गोबर गॅस’च्या जागी ‘बायोगॅस’ हा शब्द मराठीत हळूहळू रुळत गेला, त्यामागे हा वस्तुस्थितीतील बदल आहे.

४. द्रव्यनामे आणि द्रव्यगुण

आता भोर-वेल्ह्यातील लहान व्यवसायांत उरणाऱ्या द्रव्यांकडे वळू. ‘सेंद्रिय कचरा’ ही संज्ञा ज्यांना एका पोत्यात भरते त्यांना मराठी भाषा पूर्वीपासून निरनिराळ्या नावांनी ओळखते. आणि हे भेद बव्हंशी रसायनशास्त्राच्या भेदांशी जुळतात.

‘खरकटे’ हा शब्द पाहावा. भाजीची देठे, साली किंवा निवडलेला पाला ह्यांस मराठी माणूस खरकटे म्हणत नाही. शिजलेल्या अन्नाच्या, विशेषतः भात-भाकरी-आमटीच्या शेषास तो शब्द लागतो. ह्या शब्दामागे सोवळ्याओवळ्याची कल्पना आहे. परंतु परिणामी तो शिजलेले, म्हणजेच लवकर पचणारे, पिष्टमय द्रव्य अचूक दाखवतो. असे द्रव्य किलोमागे सुमारे १०० लिटर वायू देते, तर ताजे शेण किलोमागे सुमारे ४० लिटर. देठे व साली चालतात, पण त्या बारीक चिरून घालाव्या लागतात. म्हणून ‘ओला कचरा’ असे न लिहिता ‘खरकटे आणि चिरलेला पाला’ असे लिहिले, तर एका वाक्यात दोन्ही सूचना पोचतात.

भातगिरणीत दोन द्रव्ये निघतात, ‘तूस’ आणि ‘कोंडा’. कोंडा हा तांदळाचा आतला स्तर असून जनावरांच्या खाद्यात जातो. तूस म्हणजे बाहेरचे टरफल; वजनाने ते भाताच्या सुमारे पाचवा हिस्सा असते. त्यात लिग्निन व सिलिका भरपूर असल्यामुळे बायोगॅसच्या टाकीत ते पचत नाही, तरंगत राहते आणि वर साय धरून वायूची वाट अडवते. परंतु जाळण्यास ते उत्तम आहे. किलोमागे सुमारे ३,००० ते ३,५०० किलोकॅलरी उष्णता त्यातून मिळते, आणि राखेचे प्रमाण वजनाच्या जवळपास पाचव्या हिश्श्यापर्यंत असते. अडचण आकारमानाची आहे. सुटे तूस घनमीटरला जेमतेम १०० ते १२० किलो भरते, त्यामुळे घाटाच्या रस्त्याने ते वाहून नेणारी गाडी प्रायः हवाच वाहते. दाबून त्याच्या कांड्या केल्या की घनता सुमारे दहापट होते. ह्या कांड्यांस व्यापारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. तूसाचे स्थान असे भट्टीत आहे, टाकीत नाही.

‘कोंबडखत’ ही तिसरी बाब. गादी पद्धतीच्या शेडीत जमिनीवर तूस किंवा लाकडाचा भुसा अंथरतात. म्हणजे भातगिरणीतील तूस पुष्कळदा कुक्कुटपालकाकडून फिरून पुन्हा आपल्यापुढे येते, पण विष्ठेत मिसळून. विष्ठेत नत्र फार असते. पचनास कार्बन व नत्र ह्यांचे प्रमाण २० ते ३० ला १ असे लागते. कोंबडीच्या विष्ठेत ते १० ला १ च्या आसपास असते, त्यामुळे ती एकटी घातल्यास अमोनिया साचतो. शेण किंवा खरकटे ह्यांच्याबरोबर थोड्या प्रमाणात घातल्यास ती उपकारक ठरते.

‘पेंढा’ हे चौथे द्रव्य. त्यातील कार्बनचे प्रमाण फार जास्त असते व पूर्वप्रक्रियेवाचून ते सावकाश पचते. शेतातील अशा अवशेषांपासून वाहनांसाठी संपीडित वायू करण्याचा प्रकल्प २०१६ साली वेल्ह्याशेजारच्या मुळशी तालुक्यात पिरंगुट येथे सुरू झाला, यावरून ते अशक्य नाही हे सिद्ध होते. परंतु ते यंत्रसामग्रीच्या मोठ्या भांडवलाचे काम आहे, एका भातगिरणीचे नव्हे.

५. ‘मळी’ : एका शब्दाची तीन द्रव्ये

वरील उदाहरणांत बोलीचे भेद शास्त्रास उपयोगी पडतात. परंतु नेहमीच असे घडत नाही. भोर तालुक्यात अनंतनगर-निगडे येथे राजगड सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून साखरधंद्याची शब्दावली येथे परिचयाची झाली. तीत ‘मळी’ हा शब्द किमान तीन अर्थांनी फिरतो. साखर काढून घेतल्यावर उरणारा दाट काळा पाक ती मळी. त्यापासून इथेनॉल होते. रस गाळताना मागे राहणारा घट्ट गाळ तीही मळी. ती शेतात खत म्हणून जाते आणि तिच्यापासून बायोगॅस होतो. आसवनीतून बाहेर पडणारे सांडपाणी तेही बोलण्यात ‘मळीचे पाणी’ होते. त्यावर प्रक्रिया न केल्यास नदीची हानी होते, आणि विनॉक्सी पचन केल्यास त्यातूनही वायू मिळतो. पहिल्या द्रव्यास बाजारात किंमत आहे आणि त्याच्या विक्रीवर शासनाचे नियंत्रण असते. दुसरे स्वस्त आहे. तिसऱ्याची विल्हेवाट लावण्यास उलट खर्च येतो. ‘मळीपासून ऊर्जा’ हा मथळा वाचून एखाद्या लहान व्यावसायिकाने आडाखे बांधले, तर ते ह्या तिहींपैकी कोणत्या मळीवर बांधले हे त्याचे त्यासही सांगता येणार नाही. येथे परिभाषाकाराने ‘काकवीसारखी मळी’, ‘गाळमळी’ व ‘आसवनीचे सांडपाणी’ असा भेद आग्रहाने पाळला पाहिजे.

६. कचरा कोणाचा?

‘कचरा’ ह्या शब्दात आणखी एक गृहीत आहे. कचऱ्यास मालक नसतो. जो उचलील त्याचा तो. परंतु भोर-वेल्ह्यातील बहुतेक द्रव्यांना रूढीने कोणी ना कोणी हक्कदार आहे. पेंढा हा जनावरांचा उन्हाळ्यातील चारा आहे. शेण, पातेरा व टहाळ ह्यांवर भाताच्या रोपांसाठी राब भाजला जातो. तूस वीटभट्टीत किंवा कोंबड्यांच्या शेडीत जाते. खरकटे पुष्कळ ठिकाणी जनावरांच्या आंबोणात मिसळले जाते. रानशेणी वेचून विकणाऱ्या बाईस ती उपजीविका आहे. गुऱ्हाळात तर चिपाड वाळवून त्याच चुलवाणात घालण्याची पद्धत पूर्वापार आहे. तेथे उरलेल्या द्रव्याची ऊर्जा करण्याचा उपदेश करण्याची आवश्यकताच नाही.

म्हणून योजना आखणाऱ्याने प्रथम विचारावयाचा प्रश्न ‘येथे कचरा किती आहे?’ हा नसून ‘हे द्रव्य सध्या कोठे जाते?’ हा आहे. ज्या द्रव्यास आज खरोखर कोणी वाली नाही, त्यापासूनच आरंभ करणे न्याय्य व फायद्याचे असते. ह्या दृष्टीने महामार्गावरील खानावळींचे आणि जलाशयांकाठच्या निवासस्थानांचे खरकटे ही पहिली बाब ठरते. पानशेत व वरसगाव धरणांचे पाणी खडकवासल्यात येऊन पुणे शहरास मिळते. तेव्हा ह्या काठांवर उघड्यावर टाकलेले अन्न केवळ स्थानिक उपद्रव राहत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

शेणाच्या बाबतीत संयंत्र व शेत ह्यांत विरोध नाही, कारण पचनानंतर उरणाऱ्या काल्यात नत्र बहुतांश टिकून राहते आणि तो खाचरास देता येतो. मात्र राबासाठी जाळावयाचे कोरडे शेण त्यातून मिळत नाही. हा फरक शेतकऱ्यास आधी सांगितला पाहिजे.

७. हिशेब

रोज २० किलो खरकटे उरणाऱ्या खानावळीचे उदाहरण घेऊ. त्यापासून सुमारे २ घनमीटर वायू मिळतो. एक घनमीटर बायोगॅस स्वयंपाकाच्या सुमारे ०·४५ किलो द्रवरूप वायूची जागा घेतो. म्हणजे दिवसास ०·९ किलो आणि महिन्यास सुमारे २७ किलो. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोंचा असतो, तेव्हा महिन्याला दीड सिलिंडरापेक्षा थोडी कमी अशी ही बचत होय. हीच गोष्ट विजेच्या रूपाने करावयाची म्हटल्यास लहान इंजिनावर घनमीटरमागे दीड ते दोन युनिट मिळतात. दिवसास तीन-चार युनिट. यावरून लहान व्यवसायाने वायू जेथे होतो तेथेच चुलीस जोडावा, विजेच्या मागे लागू नये, हा निष्कर्ष निघतो.

हा हिशेब मांडताना तीन कसोट्या लावाव्यात. द्रव्य वर्षभर रोज मिळते काय? ते वाहून आणण्याचा खर्च त्याच्या ऊर्जेच्या किमतीपेक्षा कमी आहे काय? आणि मिळणारी उष्णता त्याच जागी लागते काय? खानावळ तिन्हींस उतरते. भातगिरणी पहिल्या कसोटीस उतरत नाही, कारण तिचा हंगाम सुगीनंतरचा असतो. तिच्यासाठी कांड्यांचा मार्ग अधिक योग्य, आणि तोही अनेक गिरण्यांनी मिळून. वाड्यावस्त्या विखुरलेल्या असल्यामुळे सामायिक संयंत्रे काढावयाची तर ती नसरापूर, भोर व वेल्हे अशा बाजाराच्या गावीच शक्य दिसतात.

शासनाच्या योजनांतही प्रमाणाचा हा भेद आहे. २०१८ साली सुरू झालेली ‘सतत’ योजना संपीडित वायूच्या मोठ्या प्रकल्पांसाठी आहे, तर त्याच वर्षीची ‘गोबरधन’ योजना गावपातळीसाठी. लहान व्यावसायिकाने कोणत्या दारी जावे हे त्यास नावावरून कळत नाही. ‘गोबरधन’ ह्या नावात पुन्हा शेणच पुढे आले आहे, यद्यपि योजनेची कक्षा त्याहून विस्तृत आहे.

सुरक्षेची एक सूचना येथे नोंदवणे आवश्यक आहे. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असता ठिणगीने स्फोट होतो, आणि टाकीच्या आत माणूस गुदमरू शकतो. दुरुस्तीसाठी रिकाम्या टाकीतही एकट्याने उतरू नये, हे वाक्य प्रत्येक संयंत्रावर ठळक मराठीत रंगवलेले असावे.

८. अभ्यासकांचे कार्य

१९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून मराठीत परिभाषा निर्मितीचे मोठे काम झाले. ते काम मुख्यतः इंग्रजी संज्ञेस मराठी प्रतिशब्द देण्याच्या दिशेने चालले. ह्या विषयात मात्र उलट दिशेनेही जाण्याची गरज आहे. लोकांच्या तोंडी असलेली द्रव्यनामे प्रथम गोळा करावीत आणि मग प्रत्येक नावाखाली शास्त्रीय माहिती भरावी.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस भोर-वेल्ह्यात अशी सूची करता येईल. प्रत्येक शब्दापुढे पाच रकाने असावेत : द्रव्य नेमके कोणते, कोणत्या व्यवसायात व कोणत्या हंगामात उरते, त्यावर सध्या कोणाचा हक्क आहे, त्याची योग्य जागा टाकी, भट्टी की शेत, आणि त्याच शब्दाचा गावोगावी अर्थभेद होतो काय. शेवटचा रकाना भाषाशास्त्राचा आहे, आणि ‘मळी’च्या उदाहरणाने त्याचे व्यावहारिक मोल स्पष्ट झालेच आहे. ‘गोवरी’ व ‘शेणी’, ‘भुसा’ व ‘तूस’, ‘खरकटे’ व ‘उष्टे’ अशा जोड्यांचा सीमाप्रदेश नकाशावर दाखवता आला, तर तो बोलीभूगोलाच्या अभ्यासासही उपकारक होईल.

अशी सूची तयार झाली की पुस्तिका लिहिणाऱ्याचे काम सोपे होईल. ‘सेंद्रिय कचरा योग्य प्रमाणात घालावा’ ह्या वाक्याच्या जागी त्यास असे लिहिता येईल : खरकटे रोज थोडे घाला, कोंबडखत शेणात मिसळून घाला, तूस टाकीत घालू नका. ह्या तीन वाक्यांत एकही पारिभाषिक शब्द नाही, आणि तरीही संयंत्र चालवण्याचे बरेचसे शास्त्र त्यांत आले आहे.